वीस मिनिटांचा ट्रॅक्टर

समस्त भावकी, गावकरी, पाहुणेरावळे आणि अक्कलकोट रस्त्यावरून जाताना आमच्या रानाकडे बघून हसलेले सर्व प्रवासी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठच्या सुमारास, वळसंगपासून थोड्या आतल्या आमच्या काळ्या रानात, भर पेरणीत, आमच्या घरचा ट्रॅक्टर उभ्या जागी शांत झाला. वय पन्नासच्या पुढे. मागे एक पेरणी यंत्र, एक थोरला भाऊ आणि पाच एकर न पेरलेलं रान असा परिवार. कुणीही भेटायला येऊ नये, आलाच तर पाना घेऊन यावं.

भेटायला सगळे आले. पाना कुणी आणला नाही.

आता यात एवढं गंभीर काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. मलाही वाटलं असतं. मी सोलापुरात एका कॉलेजच्या कचेरीत फायली सरकवत तीस वर्षं काढली आहेत आणि माझी शेती म्हणजे सणासुदीला येऊन ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसणं एवढीच. पण आमच्या रानाला विहीर नाही, कालवा नाही. जे काही होतं ते हस्ताच्या पावसावर. पाऊस थांबला की काळं रान आधी नुसता चिखल असतं. मग वाफसा येतो, म्हणजे माती बोटांना चिकटत नाही पण आतून ओली असते. आणि मग ऊन तापतं आणि तीच माती दगड होते. मधले दिवस चार. तेवढ्यात ज्वारी मातीत गेली तर वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा घरात. नाही गेली तर पुढच्या दसऱ्यापर्यंत रानाकडे बघत बसायचं.

गावात नवे ट्रॅक्टर आहेत सात-आठ. ते सगळे पाऊस उघडायच्या आधीच बोलून ठेवलेले. शेजारच्या रानात एक चालू होता, त्याच्या मालकाला दादानं विचारलं, तर त्यानं बोटांवर मोजून सांगितलं की आमचा नंबर सहाव्या दिवशी. तोवर आमच्या रानात नांगर मोडला असता. बैलजोड्या उरल्या तीन, त्यांचीही तीच कथा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती तो बघतो. तो फार कमी बोलतो. वाटणी झाली तेव्हा घरातले शब्द सगळे माझ्या वाट्याला आले असावेत. ट्रॅक्टर मात्र त्याचा. वडलांनी आणला, दादानं चालवला, आणि गेली कित्येक वर्षं गावातले लोक 'आता हा भंगारात घाला' म्हणतात तेव्हा दादा त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, टायरकडे बघतो.

त्यात ह्या ट्रॅक्टरची चारच दिवसांपूर्वी साग्रसंगीत पूजा झालेली होती. खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, पहार, शिवणयंत्र आणि ट्रॅक्टर असे सगळे एका ओळीत मांडून पुजतात. दरवर्षी दादा बोटाच्या टोकानं हळदकुंकू लावतो, उदबत्ती ओवाळतो आणि संपवतो. यंदा पुष्कळ वर्षांनी मी नवमीला घरी होतो, तेव्हा मान मला मिळाला. आता मान मिळाल्यावर मी बोटाच्या टोकानं थोडाच लावणार. मी सोलापुरातून शेंदूर नेला होता. तेलात कालवून चांगला वाटीभर केला. मग प्रश्न आला की ट्रॅक्टरचं कपाळ कोणतं. पुढची जाळी म्हणावी तर ती तोंडासारखी दिसते. दिवे म्हणजे डोळे, हे लहान पोरालाही कळतं. मी ट्रॅक्टरभोवती दोन प्रदक्षिणा घालून निकाल दिला की वरचं, मधोमध असलेलं, डिझेलच्या टाकीचं गोल झाकण हेच कपाळ. त्यावर अंगठ्यानं दाबून दाबून असं काही ठसठशीत स्वस्तिक काढलं की वहिनी म्हणाली, भावजी, मारुतीला उरू द्या थोडा. वर झेंडूची माळ. फोटो काढून मी सोलापुरातल्या तीन ग्रुपांवर टाकला. चाळीस नमस्कार आले.

आणि एवढ्या सगळ्यानंतर हा भर पेरणीत बसतो. माझा देवावरचा विश्वास त्या सकाळी थोडा हलला, हे मी मान्य करतो.

तर पहिला दिवस. ट्रॅक्टर घरून रानापर्यंत ऐटीत आला. यंत्रात मालदांडी ज्वारीचं बी भरलं, दादानं यंत्र खाली टेकवलं आणि सरी धरली. मी पत्र्यावर. काळी माती मागे ओलसर उलटत होती, बगळे येत होते, मी काहीतरी गात होतो. वीस मिनिटं झाली असतील. आवाज बारीक झाला, मग धाप लागल्यासारखे दोन झटके, आणि बंद.

दादा खाली उतरला. आमच्या ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा माझ्या लग्नाच्या आधीच गेलेला आहे. त्यामुळे तो बंद पडला की दादा पहिल्यांदा एकच गोष्ट करतो: झाकण काढतो, कडब्याची एक काडी टाकीत उभी बुडवतो आणि काडी किती बोटं भिजली ते बघतो. ही काडी तो कायम बसायच्या जागेखाली ठेवतो, डॉक्टर थर्मामीटर ठेवतो तशी. त्यानं झाकण फिरवलं तेव्हा आतून 'हुस्स' असा लांबलचक आवाज आला. मी म्हणालो, बिचारा दमलाय. दादानं काडी बुडवली. काडी वरपर्यंत ओली. डिझेल भरपूर.

मग त्यानं टाकीखालची काचेची वाटी सोडली, धुतली, परत बसवली. तिच्यात चिमूटभर कचरा होता. तो बघून आम्हा दोघांना झालेला आनंद मी आज सांगितला तर खोटा वाटेल. झाकण लावलं, स्टार्टर मारला, पहिल्या हाकेला चालू. कचराच होता. वीस मिनिटं पेरलं आणि पुन्हा धाप, दोन झटके, शांत. झाकण, हुस्स, काडी, डिझेल भरपूर.

दुसऱ्यांदा बंद पडल्यावर मी वळसंगला जाऊन नवा फिल्टर आणला. येताजाता नि दुकानातल्या रांगेत अर्धा दिवस गेला, कारण त्या आठवड्यात अख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टर एकाच वेळी आजारी होते. दादानं फिल्टर बदलला. स्टार्टर, पहिल्या हाकेला चालू. मी टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरतो न विरतो तोच, म्हणजे पुन्हा त्याच वीस मिनिटांत, तो बसला. दिवस मावळला तेव्हा सारं मिळून एकराला थोडं कमी पेरून झालं होतं. दादानं मातीत बोट खुपसून ओल बघितली. दोन बोटांवर लागली. मग हात झटकून तो घरी गेला, आणि मी मागून झेंडूची वाळलेली माळ काढून घेऊन गेलो, कारण ती आता मला सहन होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात फोन करून रजा वाढवली. कारण काय, असं साहेबांनी विचारलं. घरात वयस्कर आजारी आहेत, म्हणालो. खोटं अजिबात नव्हतं.

मग मी फोनवर व्हिडिओ बघायला बसलो. जगात जुने ट्रॅक्टर बंद पडलेले लोक किती आहेत आणि ते सगळे किती आनंदी आहेत, हे मला त्या सकाळी कळलं. एकजण पंजाबीत सांगत होता, एकजण हिंदीत, एक गोरा म्हातारा तर नुसता हसत होता. तिघांचं एका बाबतीत एकमत होतं: डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन असंच मरतं. मी दादाला मोठ्या तोऱ्यात जाऊन सांगितलं की एअर घेतलीय. दादा म्हणाला, ते मला कालच माहीत होतं, म्हणून मिस्त्रीला फोन केलाय.

मिस्त्री अक्कलकोटकडचा. दुपारी मोटारसायकलवर आला, मागे हत्यारांची पेटी बांधलेली. गडी जाणता होता. त्याची एक पद्धत होती, आमच्याशी तो मराठीत बोलायचा आणि इंजिनाशी कानडीत. इंजिनाशी जास्त बोलायचा. हात पुसून तो इंजिनाजवळ वाकला आणि मऊ आवाजात 'याकप्पा?' असं विचारता झाला, म्हणजे, का रे बाबा? इंजिन काही बोललं नाही. त्यानं फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबायला लागला. आणि खरोखरच, डिझेलबरोबर बुडबुडे आले. एक, दोन, मग रांगच. फोनवरच्या तिन्ही गुरूंचं खरं ठरलं. आम्ही तिघं वाकून ते बुडबुडे असे बघत होतो, जसं लोक विहिरीत पडलेलं भांडं वर येताना बघतात. बुडबुडे संपले, स्वच्छ धार लागली, मिस्त्रीनं स्क्रू आवळला, सांधे आवळले, ट्रॅक्टर चालू केला आणि जागेवरच अर्धा तास चालवून दाखवला. अर्धा तास. वीस मिनिटांची हद्द ओलांडून तो मजेत धडधडत होता. मिस्त्री चहा पिऊन गेला. जाताना इंजिनाच्या पाठीवर थाप मारून कानडीत काहीतरी कौतुकाचं बोलला.

दादानं यंत्र टेकवलं. मी ह्या वेळेला गायलो नाही. मी घड्याळ बघत होतो. अठराव्या मिनिटाला आवाज बारीक झाला.

झाकण, हुस्स, काडी.

मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, माझ्यापुढं चाललाय तो अण्णा, माझ्यापुढं बंद पडला तर मला कळंल की. त्याचंही बरोबर होतं. जागेवर उभा ट्रॅक्टर डिझेल थेंबाथेंबानं पितो. रानात यंत्र ओढायला लागला की घटाघटा. हे मला आज कळतं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की ट्रॅक्टर पाहुण्यासमोर शहाण्यासारखा वागतो आणि घरच्यांसमोर लाड करून घेतो, अगदी आमच्या घराण्यात शोभेल असा. दोन दिवस मिळून दीड एकर झालं. ओल तीन बोटांवर गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री परत आला, ह्या वेळी निश्चय करून. काम चालू असताना इथंच बसतो, म्हणाला, बंद पडू दे माझ्यापुढं. तो बांधावरच्या लिंबाखाली बसला. आता बघा, नशीब कसं असतं. रान लांबट आहे. ट्रॅक्टर वीस मिनिटांनी नेमका पलीकडच्या टोकाला गप्प झाला. मिस्त्री उठून, चप्पल घालून, ढेकळं तुडवत पोचेपर्यंत दादानं सवयीनं झाकण काढून, काडी बुडवून, बघून, झाकण परत लावलेलंसुद्धा होतं. मिस्त्रीनं येऊन विचारलं, डिझेल? दादानं काडी दाखवली. मिस्त्रीनं मान हलवली आणि डिझेल ओढणारा छोटा पंप खोलायला घेतला.

तो पंप खोलण्यात, त्यातला पडदा बदलण्यात आणि तो पडदा अक्कलकोटहून आणण्यात दुपार गेली. नंतर संशय डिझेलवर गेला. टाकी रिकामी केली, डिझेल फडक्यातून गाळलं, फडकं स्वच्छ. डिझेल निर्दोष सुटलं. मग संशय नळीवर. नळी फुंकली, मोकळी. शेवटी संशय वयावर गेला. मिस्त्रीनं हात पुसत दादाला हळूच सांगितलं की मोठा पंपच थकला असावा, तो सोलापूरला नेऊन मशीनवर लावायला लागेल, आठ दिवस तरी. दादा म्हणाला, आठ दिवसांनी मला काय करायचं त्याचं.

एवढं एकच वाक्य त्या दिवसातलं त्याचं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा गप्प होतो. शेजारच्या रानातला नवा ट्रॅक्टर पेरून दुसरीकडे गेला होता, तिथं सरळ ओळी दिसत होत्या. आमचं रान वरून पांढरट पडायला लागलेलं. दादानं बोट खुपसलं, मग दुसरं, मग पूर्ण पंजा. चार बोटं खाली ओल. टाकीत डिझेल होतं तिथंच आणि रानात ओल रोज एकेक बोट खाली. पेरणी यंत्राचे फण चार-साडेचार बोटांपर्यंत जातात. उद्याचा दिवस होता, परवाचा नव्हता.  तीस वर्षांत कुठल्याही फायलीपुढे मला इतकं निकामी वाटलं नव्हतं. फाईल असली की निदान ओरडता येतं कुणावर तरी.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही रानात पोचलो तेव्हा वहिनी आमच्या आधी तिथं होती. पदर खोचलेला, कमरेला बियाची पिशवी, हातात खुरपं. रानाच्या एका कडेला बसून ती खुरप्यानं भोक पाडत होती, दोन दाणे टाकत होती, मुठीनं माती दाबत होती आणि एक पाऊल पुढे सरकत होती. साडेतीन एकर. मी म्हणालो, वहिनी, असं कधी संपायचं. ती म्हणाली, संपंल तेवढं संपंल, बसून काय करू. मी खाली बसून तिच्याबरोबर टोकायला लागलो. अर्ध्या तासात माझे गुडघे गेले आणि मी टोकलेल्या ओळीची दिशा कर्नाटकात चालली होती. तिनं ती गुपचूप मोडून सरळ केली.

दादा तिकडं ट्रॅक्टरच्या मागे लागला होता. वीस मिनिटं तर वीस मिनिटं, असा त्यानं हिशेब केला असावा. चालू झाला, पेरत गेला, आणि नेमानं बंद झाला. ह्या वेळी बंद झाला तो आमच्याजवळच, दहा पावलांवर. दादा उतरला, बसायच्या जागेखालून काडी काढली, झाकणाला हात घातला.

हुस्स.

वहिनी उठली. ह्या चार दिवसांत ती घरी होती, जनावरं, स्वयंपाक, मिस्त्रीचा डबा. हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला. हा आवाज कसला, तिनं विचारलं. मी म्हणालो, तो दमतोय, झाकण काढलं की सुस्कारा टाकतो, रोजचंच आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग दादाला म्हणाली, झाकण लावा. दादानं लावलं. परत काढा. काढलं. ह्या वेळी काही आवाज नाही. तिनं विचारलं, बंद पडला की पहिल्यांदा झाकण काढता? दरवेळी? दादानं मान हलवली. आणि मग काहीतरी दुरुस्त करता आणि चालू होतो? परत मान.

वहिनीनं हातातलं खुरपं पिशवीत टाकलं.

"भावजी, तेलाचा डबा आणल्यावर त्याला एकच भोक पाडलं तर तेल येतंय का नीट? भक-भक करून थांबतंय. दुसरं भोक वाऱ्याला पाडावं लागतंय की. ह्या टाकीला वाऱ्याचं भोक कुटं हाय?"

 दादाच्या हातात झाकण होतं. त्यानं ते हळूच उलटं केलं. आतल्या बाजूला, मधोमध, एक बारीक भोक होतं. पन्नास वर्षं ते तिथंच होतं. त्यानं भोकाला तोंड लावून फुंकर मारली. गाल फुगले, हवा काही पलीकडे गेली नाही. मग त्यानं झाकण सुलटं केलं.

वरच्या बाजूला माझं स्वस्तिक होतं. भगवं, ठसठशीत, तेलानं घट्ट वाळलेलं, त्याचा मध्य नेमका भोकावर.

मला त्या क्षणी आकाशाकडे बघावंसं वाटलं. ढग नव्हते. मी बराच वेळ बघितलं. तीन दिवस आम्ही ट्रॅक्टरमधली हवा काढत होतो आणि तो हवेवाचून मरत होता. टाकीतलं डिझेल ओढलं जाई तशी आत पोकळी व्हायची, बाहेरची हवा यायला वाट नाही, मग सैल सांध्यांतून नळीत बुडबुडे शिरायचे. मिस्त्री जे बुडबुडे काढून खूश होत होता ते माझ्या शेंदरानंच आत ढकललेले होते. काचेची वाटी, फिल्टर, पडदा, यातलं कुणीच गुन्हेगार नव्हतं. दरवेळी झाकण उघडलं म्हणून ट्रॅक्टर चालू व्हायचा आणि श्रेय दुसऱ्याच कुणाला मिळायचं.

दादानं बाभळीचा एक काटा तोडला आणि खालून भोकात घातला. वरून शेंदराची एक खपली उडाली. त्यानं नखानं बाकीचं स्वस्तिक खरवडलं. नख भगवं झालं. ते त्यानं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.  शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. भोकाला पुन्हा फुंकर मारली आणि ह्या वेळी वरून वारा सुटला. झाकण लावलं, ट्रॅक्टरवर चढला.

त्यानंतरची वीस मिनिटं मला आजही मिनिटामिनिटानं आठवतात. वहिनी खुरपं परत हातात घेऊन उभी होती, पण टोकत नव्हती. मी घड्याळ बघत होतो आणि मोठ्यानं सांगत होतो. अठरा. एकोणीस. वीस झाली तेव्हा ट्रॅक्टर रानाच्या पलीकडच्या टोकाला वळत होता, आवाज जसा होता तसा. बावीस. पंचवीस. तिसाव्या मिनिटाला वहिनी बांधावर बसली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली. मिस्त्रीला फोन मी केला. तो म्हणाला की टाकीचं झाकण मी उघडलंच न्हाई की, तुमीच उघडून लावत होता. आणि मग कानडीत काहीतरी, पण ह्या वेळी ते इंजिनासाठी नसावं.

दादा जेवायला उतरला नाही. वहिनीनं भाकरीवर पिठलं आणि ठेचा घालून गुंडाळून चालत्या ट्रॅक्टरवर त्याच्या हातात दिली. बगळे परत आले. दिवस कलला तरी तो पेरतच होता, बियाणं मी भरत होतो आणि यंत्राच्या नळ्यांतून बी पडतंय की नाही ते मागून चालत बघत होतो. एवढं काम मला चार दिवसांत पहिल्यांदाच जमलं. वरचा मुरमाड तुकडा, अर्ध्या एकराला कमी, आधीच कोरडा पडला होता. दादानं तिथं यंत्र घातलं नाही, बोटानं बघितलं आणि वळवलं. बाकीचं सगळं दिवस मावळायच्या आत मातीत गेलं. शेवटची ओळ वहिनीनं टोकलेल्या कडेला येऊन मिळाली. तिच्या ओळीपुढे ट्रॅक्टरची ओळ वाकडी दिसत होती.

पेरणी संपली की आमच्याकडे औताची पूजा करतात. नांगर असेल, पाभर असेल, यंत्र असेल, त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा तुकडा मातीत टाकायचा. वहिनीनं ताट घरून आणलेलं होतं, सकाळीच, खुरप्याबरोबर.  तिनं ताट माझ्यापुढे धरलं, कारण यंदा मान माझा होता आणि आमच्यात मान काढून घेत नाहीत. मी नारळ फोडला. यंत्राला कुंकू लावलं. आणि मग, खरंच सांगतो, मनात काही नव्हतं, नुसती हाताची सवय, मी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि टाकीकडे वळलो.

ट्रॅक्टरवर बसलेला दादा, ज्यानं चार दिवस आवाज चढवला नव्हता, तो अख्ख्या रानाला ऐकू जाईल असा बोलला,

"ए, हात खाली. लांबनंच पाया पड त्येच्या."